तांदूळ निवडण्यात लाज कसली?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने आजारावर लिहू नये असा काही नियम नाही, म्हणून लिहितो.

माझे मामा बालाघाटला असतात. त्यांचे किराणा दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया असल्याचे निदान झाले. गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, संशय गेला. पण दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा पाहिले, पाच जिनसा सांगितल्या तर दादा तीनच काढून आणी. शंभरातून अडुसष्ट वजा करताना गिऱ्हाइकाकडे नुसता बघत राही. "बरा झालाय, आता आळस करतो," असे मामा चारचौघांत म्हणाले. दादाने मान खाली घातली. मामांचा राग आला खरा, पण मनातून मलाही तसेच वाटले होते!

पुढे वाचनात आले की लक्ष, स्मरण आणि कामाची आखणी यांतली अडचण हा या आजाराचाच भाग असतो, आणि भास थांबवणाऱ्या गोळ्यांचा तिच्यावर फारसा उपयोग होत नाही. तिच्यासाठी निराळा सराव असतो. रोज थोडा वेळ सोपे काम, मग हळूहळू अवघड. जोडीला यादी लिहिणे, मोठ्याने म्हणणे अशा युक्त्या. लंडनच्या टिल वाइक्स यांनी यावर पुष्कळ काम केले आहे. आपल्या कानडी विभागातील मित्रांना तर अभिमान वाटावा: बंगळूरच्या 'निम्हान्स'ने असा सराव रुग्णांना घरच्या घरी देऊन पाहिला व त्याचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध केला. तिथल्या सरावात धान्य निवडण्याचे कामही असते.

बालाघाट तर चिन्नोर तांदळाचा जिल्हा! पण मामी म्हणाल्या, "अरे, पोरगा सूप घेऊन बसला तर लोक काय म्हणतील?"

हा सराव म्हणजे जादू नव्हे. खऱ्या कामाची जोड नसेल तर तो खेळापुरताच राहतो, म्हणून दादाला दुकानातून उठवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. मग तो हक्क गोळ्यांच्या पाकिटापाशी का थांबावा? दादाला सरावाबद्दल कोणी एक शब्द सांगितला नाही, आणि बंगळूर बालाघाटहून फार लांब आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे शिकवणारा निदान एक माणूस हवा. घरच्यांनाही त्याने शिकवावे. आमच्या मामांना आधी.

परवा मामींचा फोन आला. दादा आता गिऱ्हाइकाची यादी लिहून घेतो. तांदूळही निवडतो, पण मागचे दार लावून.