पिस्तुलाचे घंटे कोण मोजणार?

मागच्या महिन्यात शेजारचे संत्रावाले सकाळी सकाळीच दारात. हातात प्लास्टिकची लांबट पेटी. त्यांची मुलगी नागपूरला शूटिंग शिकते, दहा मीटर एअर पिस्तूल. नव्या परदेशी पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे, म्हणून कोणाचं तरी वापरलेलं पाहायला आणलं होतं.

"काका, बॅरल नवं टाकलं म्हणते तो. त्याचे पंचवीस हजार जास्त मांगते. घेऊ का नाही घेऊ?"

मी राखीव दलात आर्मोरर होतो. नोकरीची बहुतेक वर्षं कोतात, म्हणजे शस्त्रागारात, तेलाच्या वासात गेली. निवृत्त होऊन कारंजा घाडग्याला परत आलो तेव्हा वाटलं होतं, आता बंदुकीशी संबंध संपला. पण गावात कोणाचं काही अडलं की माणसं येतातच. मी त्यांना उलट विचारलं, "दोन वर्षांखाली जुना ट्रॅक्टर घेतला, तेव्हा काय पाहिलं होतं?"

"घंटे पाह्यले न. मीटरवर."

"मग याचे घंटे विचारले काय?"

ते गप्प बसले. ट्रॅक्टर कोणत्या सालचा, यापेक्षा किती घंटे चालला हे आपल्याकडे बांधावरचं पोरगंही आधी पाहतं. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र शिकलेसवरलेले लोकही साल विचारतात, आणि विकणारा 'नवं बॅरल' म्हणाला की मान डोलावतात.

बॅरल मरतं ते गोळ्यांनी, आणि त्याहून जास्त उष्णतेने. नळीच्या आत पेचदार आटे असतात, ते गोळीला फिरकी देतात. दारूचा तापलेला वायू दर फायरला चेंबरच्या लगतचा, जिथे आटे सुरू होतात तो भाग थोडा थोडा खातो. रायफलची गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटरने जाते, तिथे हे खाणं जोरात चालतं. ९ एमएम पिस्तुलाची गोळी त्याच्या निम्म्याहून कमी वेगाची, दारू थोडी, म्हणून ते बॅरल नीट ठेवलं तर तीस-चाळीस हजार गोळ्या आरामात काढतं. त्याच्या कितीतरी आधी, चार-पाच हजारांनंतर, आतली स्प्रिंग थकते. ती बदलायची सोडून लोक बॅरलला दोष देतात. मोटारपंपाचं बुश गेलं की आख्खा पंप बदलणारा शेतकरी असतो ना, तसंच हे. बरं, ९ एमएमचं बॅरल साफसफाईसाठी हातानेच निघतं, म्हणून नवं टाकणंही सोपं वाटतं. पण ते स्लाइडमध्ये घट्ट बसलं नाही, तर नव्या बॅरलने जुन्यापेक्षा नेम वाईट पडतो.

आणि एअर पिस्तूल? त्यात दारूच नाही. अर्ध्या ग्रॅमचा मऊ शिशाचा छर्रा, हवेच्या दाबाने सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जाणारा. शिसं पोलादाला काय झिजवणार! खेळाडू पोरगी रोज शंभर छर्रे मारते, वर्षाला तीस हजार होतात, तरी नळीला काही होत नाही. नळीचा घात करतात ती माणसं. तोंडाकडून दांडा घालून कचकचून पुसणारी, दमट पेटीत चार महिने बंद ठेवणारी. मी कोतात जितकी बॅरलं बाद होताना पाहिली, त्यातली गोळ्यांनी गेलेली मोजकीच. बाकीची गंजाने खाल्लेली, किंवा वर्षं भरली म्हणून कागदावर बाद झालेली. वर्षातून एकदा फायरिंग होणारं हत्यार गोळ्यांनी मरेल तरी कसं? पावसाळ्यात ओली चिंदी पुलथ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, लावून ओढायची आणि वरून तेलाचा हात फिरवायचा नाही, हा आळस हजार गोळ्यांपेक्षा महाग पडतो.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. किती मिनिटं वाया गेली ते साऱ्या देशाने पाहिलं. ५७५ गुण, बारावी, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिथेही बॅरलला काही झालेलं नव्हतं, दगा दिला तो दुसऱ्याच भागाने.

तर पेटी उघडली. नळीत उजेड धरून पाहिलं, आटे आरशासारखे. तोंडाच्या कडेवर ओरखडा नाही. अंगणात भिंतीला पोतं लावून, पिस्तूल वाळूच्या थैलीवर टेकवून पाच छर्रे मारले, कागदावर एकच फाटकं भोक. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, हे भोक त्यात सहज मावलं. बॅरल उत्तम. नवं की जुनं, देव जाणे, आणि त्याने फरकही पडत नाही. मग हवेचा सिलेंडर फिरवून बघितला. त्यावर तारीख कोरलेली असते. बनवल्यापासून दहा वर्षं, की मुदत संपली. स्पर्धेत मुदतबाह्य सिलेंडर चालत नाही, त्याची जबाबदारी खेळाडूवर. याची मुदत संपून दोन वर्षं झाली होती. म्हणजे ज्याचे पैसे मागितले ते फुकटचं, आणि जे बदलावंच लागणार ते विकणाऱ्याच्या तोंडातूनही निघालं नाही.

मला राग त्या एका विकणाऱ्याचा नाही, नोंदच न ठेवण्याच्या सवयीचा आहे. कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून व्यवहारही तोंडी होतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवोनच्या विश्वचषकात पिस्तुलाचं सुवर्ण आणलं, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पुन्हा आणलं. तेव्हापासून कोल्हापूरच्याच कशाला, आपल्या आर्वी-कारंजाच्या पोरीही या खेळाकडे वळताहेत. त्यांचे बाप मृग बहाराच्या संत्र्यांच्या पैशातून हत्यार घेतात. प्रत्येक पिस्तुलासोबत एक वही असली पाहिजे. किती फायर झाले, स्प्रिंग कधी बदलली, ओ-रिंग कधी, सिलेंडरची तारीख काय. वही नसेल तर विक्रीत क्लबने मध्यस्थी करू नये. यात सरकारने कायदा करायची काही गरज नाही, दहा रुपयांची वही पुरते. जीपच्या डॅशबोर्डात गाडीपुस्तिका ठेवायला आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

शेजाऱ्यांनी पंचवीस हजार कापून घेतले, त्यातून नवा सिलेंडर मागवला. रविवारी मुलगी आली होती. शाळेच्या उरलेल्या वहीवर तिने रेघा मारल्या, पहिल्या ओळीत 'आज ६०' लिहिलं, आणि 'आधीचे एकूण' या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तिथे प्रश्नचिन्ह टाक.