खळखळ म्हणजे नेमकं किती?

मैत्रिणींनो, या खेपेला धाराशिव जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र घेते. घरात वर्षाचं लेकरू, नळाला पावसाळ्यातलं गढूळ पाणी, आणि ते उकळण्यावरून सासूसुनेत रोजची कुरबूर. सासूबाई म्हणतात, “पाणी खळखळ उकळू दे.” सूनबाईंचं म्हणणं, तळाशी फुगे दिसले, वाफ निघाली की झालं, उगाच गॅस का जाळायचा? “ताई, खळखळ म्हणजे नेमकं किती, ते एकदा सांगाच,” असा त्यांचा आग्रह आहे.

सूनबाई, रागावू नका, पण या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. पातेलं तापू लागलं की तळाशी आणि कडांना जे मोहरीएवढे फुगे चिकटतात, ती पाण्यात विरघळलेली हवा असते. ते उकळणं नव्हे. पुढे पातेल्यातून सूं सूं आवाज येतो. तळाशी वाफेचे बुडबुडे धरतात, वर चढतात आणि वरच्या थंड पाण्यात विरून जातात, त्याचा तो आवाज. पुष्कळजणी इथेच फसतात. आवाज मोठा म्हणून पाणी उकळलं असं वाटतं आणि गॅस बंद होतो. सगळं पाणी सारखं तापलं म्हणजे मात्र सूं सूं ओसरतं, बुडबुडे थेट वर येऊन फुटतात आणि पृष्ठभाग उसळू लागतो. ती खळखळ. जुलाब-हगवणीचे जंतू मारायचे तर तिथवर गेलं पाहिजे.

हा शब्द कुठून आला म्हणाल, तर पाण्याच्याच तोंडून! व्याकरणात अशांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. कानाने जे ऐकलं तेच जिभेने उचललं. मोल्सवर्थसाहेबांनी १८५७च्या आपल्या कोशात असे शब्द मोठ्या हौसेने गोळा केले आहेत. आपल्या स्वयंपाकघरात तर त्यांचं गोकुळच आहे. पाणी खळखळतं, पिठलं खदखदतं, डाळ रटरटते. पिठल्याला कुणी खळखळ म्हणणार नाही, कारण दाट पदार्थातून बुडबुडा जड होऊन फुटतो. बुडबुडा हा शब्दही संस्कृतातल्या ‘बुद्बुद’वरून आलेला, म्हणजे मुळात आवाजच. आजोबांची गुडगुडीसुद्धा आतल्या पाण्याच्या आवाजावरूनच ओळखली जाई.

शब्द तिथेच थांबत नाहीत. मनात राग खदखदतो, पण हसू येतं ते खळखळून. देणं द्यायची वेळ आली की माणूस खळखळ करतो, म्हणजे कां-कूं करतो. (गॅस जाळायला खळखळ करणारी सूनही यातलीच, बरं का!)

आणि तुमच्या जिल्ह्यात तर पाण्याच्या उसळण्याचं नाव देवीच्या दारातच आहे. तुळजापूरला पायऱ्या उतरताना लागतं ते कल्लोळ तीर्थ. संस्कृतात ‘कल्लोल’ म्हणजे मोठी लाट. सगळी तीर्थं धावत येऊन एका जागी मिसळली आणि पाण्याचा कल्लोळ झाला, अशी कथा सांगतात. आपण मात्र पाण्याला विसरून आनंदाचा कल्लोळ म्हणतो, नाहीतर मुलांनी दंगा केला की “काय कल्लोळ मांडलाय” म्हणून ओरडतो. आवाज ऐकायचाच असेल तर चांगल्या पावसात नळदुर्गला जावं. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाहीत बांधलेला पाणी महाल आहे, आणि नर-मादी धबधबे वाहू लागले की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. त्याला खळखळ म्हणणं म्हणजे वाघाला मांजर म्हणणं!

आता पुन्हा पातेल्याकडे. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या आणि दुहेरी फडक्यातून गाळा. मग झाकण ठेवून उकळा, गॅसही कमी लागतो. खळखळ सुरू झाली की घड्याळात पुरतं एक मिनिट मोजा. दहा-दहा मिनिटं उकळायची गरज नाही, हे सासूबाईंनाही सांगा. तेवढा गॅस तुमचा वाचला. तुमचा भाग बालाघाटच्या पठारावरचा, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. त्यामुळे तिथं पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. पण काळजी नको, जंतू मरायला तेवढं पुरे.

उकळलेलं पाणी त्याच पातेल्यात झाकून निववा. निवल्यावर न धुतलेल्या माठात ओतलं किंवा हात घालून पेला बुडवला, तर सगळी मेहनत वाया गेली म्हणून समजा. लांब दांड्याचं ओगराळं वापरा. लेकराचं पाणी रोजच्या रोज ताजं उकळा.

एक मात्र लक्षात ठेवा, उकळण्याने जंतू जातात, बोअरच्या पाण्यातले क्षार जात नाहीत. पातेल्याच्या आत पांढरा थर धरतो तो त्यांचाच. तो खरवडून काढू नका. लिंबाच्या पिळलेल्या फोडी टाकून थोडं पाणी उकळा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी काथ्याने घासा. पातेलं लख्ख निघतं.