पाऊण इंचात मावलेली सर्कस

मालगाडीच्या डब्याला मराठीत ‘वाघीण’ म्हणतात. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाला आपल्या जिभेने दिलेले हे रूप! पण अमेरिकेत एके काळी अशा गाड्या धावत, की ज्यांच्या वाघिणींवरून खऱ्याखुऱ्या वाघिणी प्रवास करत. पुढच्या डब्यांत हत्ती नि घोडे, मधल्या उघड्या डब्यांवर पिंजऱ्यांचे रंगीत गाडे आणि शेवटी शयनाच्या डब्यांत दमून झोपलेले कसरतपटू, विदूषक आणि मजूर. अशा गाड्यांची हुबेहूब छोटी प्रतिकृती करणे हा तिकडचा एक जुना आणि मोठ्या चिकाटीचा छंद आहे.

सर्कस आधी रस्त्याने जाई. रात्रभर चिखलातून गाडे हाकायचे आणि सकाळी पुढच्या गावी तंबू ठोकायचा. १८७२ मध्ये पी. टी. बार्नम यांची सर्कस रेल्वेने निघाली. त्यांचे भागीदार डब्ल्यू. सी. कूप यांनी गाडे चढवण्याची एक साधी युक्ती बसवली. उघडे डबे एकामागे एक उभे करायचे, दोन डब्यांमधल्या फटीवर लोखंडी पत्रे टाकायचे आणि शेवटच्या डब्याला उतरती फळी लावायची. दोराला जुंपलेले घोडे रुळांच्या कडेने चालत. गाडा फळीवरून वर चढे आणि सबंध गाडीच्या पाठीवरून सरकत आपल्या जागी जाऊन थांबे. मग चाकांखाली पाचरी! पुढच्या गावात आधी काय लागणार, त्यावरून चढवण्याचा क्रम ठरे. भटारखान्याचे सामान पहिल्या गाडीने पुढे जाई. हजारएक माणसांची न्याहारी झाल्याशिवाय तंबू उभा राहणार कसा?

आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस काढली. तेव्हा तिकडे हे रेल्वेचे तंत्र चांगले रुळले होते. पुढे रिंगलिंग बंधू आणि बार्नम अँड बेली या दोन सर्कशी १९१९ मध्ये एक झाल्या, तेव्हा त्यांचा पसारा एका गाडीत मावेना. पाठोपाठ चार-चार गाड्या सोडाव्या लागत.

हा सारा पसारा हॉवर्ड टिबल्स नावाच्या एका गृहस्थांनी छोट्या आकारात पुन्हा उभा केला. टेनेसी राज्यात त्यांच्या घराण्याचा जमिनीवर बसवायच्या लाकडी पट्ट्यांचा कारखाना होता. सुरुवात केली १९५६ मध्ये. योगायोग असा, की त्याच वर्षी १६ जुलैला पिट्सबर्ग येथे रिंगलिंग सर्कशीने मोठ्या तंबूतला आपला शेवटचा खेळ केला. खर्च आणि अडचणी वाढल्या होत्या. पुढचे खेळ पक्क्या सभागृहांत होऊ लागले. तंबूंचे गाव उठले ते असे.

टिबल्स यांनी माप धरले फुटाला पाऊण इंच. म्हणजे सहा फुटी माणूस साडेचार इंचांचा! सर्कशीचे नाव वापरायला परवानगी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी आपलेच नाव देऊन ‘हॉवर्ड ब्रदर्स सर्कस’ असे बारसे केले. स्वतःला एक कडक नियमही घालून घेतला. मांडलेली प्रत्येक वस्तू गाड्यांत भरता आली पाहिजे आणि गाडे डब्यांवर चढले पाहिजेत. खुर्च्या मिटणाऱ्या हव्यात, तंबूचे कापड गुंडाळता आले पाहिजे. खऱ्या सर्कशीचा नियम तोच यांचा!

१९८२ च्या नॉक्सव्हिल जागतिक प्रदर्शनात लोकांनी ती प्रथम पाहिली. जानेवारी २००६ पासून ती फ्लोरिडातील सॅरासोटा येथे रिंगलिंग संग्रहालयात मांडली आहे. आठ मुख्य तंबू, १५२ गाडे, ५९ डब्यांची आगगाडी आणि सगळे मिळून ४२ हजारांहून अधिक नग!

घरी एवढा खटाटोप कोण करणार? बहुतेक हौशी मंडळी ‘एचओ’ म्हणजे ८७ पट लहान माप घेतात. त्यात माणूस जेमतेम २१ मिलिमीटरचा होतो, पण ७२ फुटी उघडा डबा तरी पंचवीस सेंटिमीटर भरतो. इतका लांब डबा आखूड वळणावर हमखास रुळांवरून घसरतो. म्हणून वळण ऐसपैस ठेवावे लागते. जुनी छायाचित्रे काळी-पांढरी, त्यामुळे कोणता गाडा कोणत्या रंगाचा याचा शोध घ्यावा लागतो. आगकाडीच्या तुकड्याची पाचर होते. एक डबा आणि एक गाडा, एवढ्यावरही सुरुवात करता येते.

मात्र या गाड्यांची आठवण नुसती गोड नाही. २२ जून १९१८ च्या पहाटे इंडियाना राज्यात हॅमंडजवळ हॅगनबेक-वॉलेस सर्कशीच्या थांबलेल्या गाडीवर मागून सैनिकी वाहतुकीची रिकामी गाडी आदळली. लाकडी शयनडबे चुरडले, पेटले. ८६ जण गेले. शिकागोजवळच्या दफनभूमीत त्यांतल्या अनेकांना एकत्र पुरले आहे. कित्येकांची खरी नावे सोबत्यांनाही ठाऊक नव्हती. एका दगडावर ‘अनोळखी पुरुष’ एवढेच आहे, तर दुसऱ्यावर फक्त ‘चार घोड्यांचा गाडीवान’.

जनावरांचे हालही विसरता येत नाहीत. लोकांचे मन बदलले आणि रिंगलिंगने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ बंद केले. मे २०१७ मध्ये त्यांच्या आगगाड्याही थांबल्या. २०२३ मध्ये ती सर्कस परतली, पण प्राण्यांशिवाय आणि आगगाडीशिवाय. लाकडाच्या हत्तीला अंकुश लागत नाही, हे तर प्रतिकृतीचे एक पुण्यच म्हणायचे.

तरीही टिबल्स यांच्या मांडणीत सर्वांत जास्त पाहण्यासारखी आहेत ती माणसे. झुल्यावरच्या कसरतपटूला सगळेच ओळखतात. इथे पंगतीला बसलेले मजूर आहेत, घोडे जुंपणारे आहेत, सामान उतरवणारे आहेत. खेळाच्या वेळी कधी न दिसणाऱ्या त्या साडेचार इंची गाडीवानालाही त्याची जागा दिलेली आहे. त्याचे नाव आजही कुणाला सांगता येणार नाही. पण त्याच्यावाचून तंबू उभा राहिला नसता, एवढे मात्र पाहणाऱ्या पोरालाही कळते.