दुरंगी पानांची वेल



शहरातल्या रोपवाटिकेत पांढऱ्या कडांच्या पानांची आयव्ही पाहिली, की घरी न्यावीशी वाटते. पण ती मूळची युरोपाकडच्या थंड हवेची. आपल्या वाशीम-कारंज्याकडचा वैशाख तिला सोसत नाही. पाने करपतात, लाल कोळी पडतो. तीच हौस मनीप्लँटवर भागवावी. त्याचीही पाने हिरव्या-पिवळ्या किंवा हिरव्या-पांढऱ्या नक्षीची असतात आणि फांदी शेजारणीकडे मागितली तरी मिळते.

दोन-तीन पेरांची फांदी घ्यावी. पेराशी मुळाचा तपकिरी कोंब असतो, तो मातीत जाईल अशी लावावी. नुसती काळी माती घेऊ नये. ती पाणी धरते व मुळे कुजतात. माती, कुजलेले शेणखत आणि वाळू सारखी मिसळावी. जुना डबा चालेल, पण तळाला भोक हवे. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घालावे. ओसरीत, उजेड असेल पण ऊन थेट लागणार नाही अशी जागा उत्तम.

पुष्कळजणी म्हणतात, “पाने पुढे नुसती हिरवीच येतात.” कारण सोपे आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे तो अन्न तयार करीत नाही. उजेड कमी पडला की हिरवा भाग वाढतो. अशी फांदी नक्षीच्या पानापर्यंत मागे छाटावी व कुंडी उजेडात सरकवावी.

आता दोन गोष्टी अगदी ध्यानात ठेवा. वेल बाटलीत ठेवली असेल, तर त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला पाणी कुंडीतल्या मातीत ओतून बाटली आतून घासावी. अंडी काचेला चिकटून राहतात.

दुसरे, कच्च्या अळूसारखेच या पानांतही सुईसारखे बारीक खडे असतात. मुलाने पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते. तोंड धुवावे, सूज आली वा गिळता येईना, तर लगेच दवाखाना गाठावा. शेळ्या-वासरांनाही ते बाधते. छाटलेल्या फांद्या गव्हाणीजवळ टाकू नका, उकिरड्यात पुरा.

ही वेल चोरून आणली तरच पैसा येतो, असे म्हणतात. मागून आणलेलीही तेवढीच वाढते, आणि शेजारणीचा रागही ओढवत नाही!