आत्तीचा अंगठा मेलेला नाही



या अंकात कवितेवर लिहायचं ठरलं होतं. पण पावसाळ्यात गोदीतले चार खाडे करून महाबळेश्वरला जाऊन आलो आणि पेन दुसरीकडंच वळलं.

महाबळेश्वर म्हटलं की तुम्हाला पॉईंट दिसतात, घोडे दिसतात, स्ट्रॉबेरी दिसते. मला माझी आत्ती दिसते. वय एकाहत्तर. जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोपं लावली, सीझनला हॉटेलांच्या चादरी धुतल्या. या पावसात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं. पसरणीचा घाट उतरवून तिला खाली एका खासगी दवाखान्यात नेलं. दवाखाना योजनेतला. दारात बोर्ड, बोर्डावर नाव महात्मा फुल्यांचं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "कार्ड नाही? मग चाळीस हजार भरा."

कार्डासाठी मशीनवर अंगठा ठेवला. उठला नाही. लुगड्याला पुसून परत ठेवला. नाहीच. रेषाच उरल्या नव्हत्या. आत्ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आरं, माझा अंगठा मेला का काय?"

सावकाराला हाच अंगठा चालत होता. कोऱ्या कागदावर, शाईत बुडवून. घ्यायचं असतं तेव्हा आमचा अंगठा जिवंत असतो. द्यायचं असतं तेव्हा तो मरतो.

आतेभावानं म्हैस विकली, पैसे भरले. दोन दिवसांनी आरोग्यमित्र भेटला. त्यानं मोबाइलसमोर तिचा चेहरा धरला आणि कार्ड निघालं. दहा मिनिटं लागली. ऑपरेशन योजनेतनं झालं. म्हैस मात्र गेली ती गेलीच, कारण भरलेल्या पैशाची पक्की पावती आम्ही मागितलीच नव्हती.

म्हणून सांगतो, राग नंतर. आधी माहिती घ्या.

२ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढं ती राज्यभर गेली. २०१७ला तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ला केंद्राची आयुष्मान भारत आली. आधी पिवळं-केशरी रेशनकार्ड बघायचे. २०२३ला राज्यानं ठरवलं, रंग कुठलाही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला वय वंदना कार्ड. उत्पन्न विचारायचं नाही. घरचं आयुष्मान कार्ड आधीच असेल तर म्हाताऱ्या माणसासाठी वेगळे पाच लाख.

योजनेतल्या दवाखान्यात योजनेतल्या आजाराला एक पैसाही द्यायचा नसतो. खाट, ऑपरेशन, औषध, जेवण, घरी जायचं भाडंसुद्धा त्यातच. अंगठा उठला नाही तर मोबाइलवर ओटीपी आहे, चेहरा आहे. कुणी पैसे मागितले तर पक्की पावती मागा, आरोग्यमित्राला गाठा, १५५३८८ला फोन लावा.

पण कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. ही योजना माणूस भरती झाल्यावर जागी होते. आत्तीच्या रोजच्या बीपीच्या गोळ्या त्यात येत नाहीत. त्यासाठी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण डॉक्टर जागेवर नसेल, गोळ्या संपलेल्या असतील, तर मोफत म्हणजे काय मोफत? खासगी खाट विकत घ्यायला सरकारकडं पाच लाख आहेत. गावातल्या दवाखान्यात वेळेवर गोळी ठेवायला काय होतं? हे आपण विचारायचं.

आत्ती जिथं पडली ते गावच तब्येतीसाठी वसवलेलं. १८२८च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम इथं आला आणि आजारी गोऱ्यांसाठी सॅनेटोरियम उभं राहिलं. पेठेला त्याचंच नाव दिलं. चिनी कैद्यांना तुरुंगात ठेवून बागा राबवून घेतल्या. हवा साहेबांची, घाम दुसऱ्याचा. साहेब गेला. हवा अजून पैसेवाल्याचीच आहे.

आणि याच सातारा जिल्ह्यात नायगाव आहे, सावित्रीबाईंचं. १८९७च्या प्लेगात साठी उलटलेली ती बाई आजाऱ्यांना उचलून यशवंतच्या दवाखान्यात नेत होती. तिनं कुणाचा अंगठा तपासला नाही. त्याच प्लेगानं ती गेली. त्या घराचं नाव बोर्डावर लावून कुणी आमच्या म्हाताऱ्यांना काउंटरवर अडवत असेल, तर ते नाव त्याच्याकडून परत मागायला आपल्याला गेलं पाहिजे.

मी मॅट्रिक. दिवसभर पाठीवर माल वाहतो, रात्री कविता लिहितो. तुमच्यातले बरेच माझ्यापेक्षा जास्त शिकलेत. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तर पुढचे दोन रविवार कवितावाचन बंद. आपापल्या वस्तीत, चाळीत, गावाकडं जा. सत्तरीच्या माणसासमोर बसा. त्याचं कार्ड आजार यायच्या आधी काढा, म्हैस विकायच्या आधी काढा. नियम त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगा. जिथं अडवतील तिथं दहाजण मिळून उभे राहा.

आत्ती आता काठी घेऊन दारापर्यंत चालते. परवा फोनवर विचारत होती, "ते कार्ड परत दाखवायला लागंल का रं?"

म्हटलं, दाखवू. आणि अंगठाही दाखवू.