फुटबॉलचा हंगाम आणि मालकीचा प्रश्न

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात आशियातील दोन देशांच्या फुटबॉलमध्ये दोन घटना अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने घडल्या. ६ डिसेंबरला जपानच्या व्यावसायिक साखळीचा, म्हणजे जे-लीगच्या पहिल्या श्रेणीचा, हंगाम समाप्त झाला. काशिमा अँटलर्सने अखेरच्या सामन्यात योकोहामा एफ. मॅरिनोसला २-१ असे हरविले आणि काशिवा रेसोलला एका गुणाने मागे टाकून आपले नववे साखळी विजेतेपद मिळविले. ८ डिसेंबरला आपल्याकडे एक करार संपला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आयएमजी-रिलायन्सशी केलेला आणि पुढे फुटबॉल स्पोर्ट्स डेव्हलपमेंट या कंपनीकडे आलेला तो पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार होता. त्या दिवशी इंडियन सुपर लीगच्या २०२५-२६ च्या हंगामातला एकही सामना झालेला नव्हता.

कपाशी-सोयाबीनच्या भावाची चिंता वाहणाऱ्या आमच्या बार्शीटाकळीला जपानी फुटबॉलशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. खेळाची गोडी हे त्याचे एक उत्तर झाले. परंतु येथे प्रश्न खेळाहून अधिक मालकीचा आहे. एखादी संस्था कोणाच्या नावावर उभी आहे आणि आश्रयदात्याने हात काढून घेतल्यावर तिचे काय होते, हा प्रश्न वऱ्हाडाला अपरिचित नाही.

आपल्या हंगामाची हकीगत आधी थोडक्यात पाहू. जुलै २०२५ मध्ये कंपनीने क्लबांना कळविले की, कराराच्या नूतनीकरणाचा निर्णय होईपर्यंत हंगाम स्थगित राहील. महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्याने महासंघालाही नवा करार करता येत नव्हता. सप्टेंबरमध्ये निकाल लागला, निविदा निघाली. वर्षाला किमान ३७.५ कोटी रुपये अथवा उत्पन्नाचे ५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे, अशी तिची अट होती. ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. दरम्यान काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबविले, काहींनी सराव बंद केला. जानेवारी २०२६ च्या आरंभी देशाचे नामवंत खेळाडू जागतिक फुटबॉल महासंघाला ‘आम्हाला वाचवा’ असे जाहीर आवाहन करताना दिसले. अखेर केंद्रीय क्रीडामंत्र्यांच्या मध्यस्थीने १४ फेब्रुवारी २०२६ पासून १४ क्लबांचा, ९१ सामन्यांचा आटोपशीर हंगाम ठरला. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळावे, एवढाच त्याचा आवाका.

या सर्व काळात खेळाडू होते, मैदाने होती, प्रेक्षकही होते. नव्हता तो फक्त एक करार. एका कागदाची मुदत सरताच देशाचा सर्वोच्च खेळ थांबावा, याचा अर्थ त्या कागदाखाली दुसरे काही उभेच केलेले नव्हते.

गंमत अशी की, पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी दोन्ही देशांचे फुटबॉल एकाच साच्यातले होते. जपानमध्ये १९६५ पासून कारखान्यांच्या संघांची साखळी होती. मित्सुबिशी, निस्सान, माझदा यांचे कर्मचारी दिवसा कंपनीचे काम करीत आणि उरल्या वेळात खेळत. आपल्या मुंबईतही टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र यांचे संघ कूपरेजवर उतरत. त्या व्यवस्थेला कमी लेखण्याचे कारण नाही. खेळाडूला पगार, बढती आणि निवृत्तीनंतरची भाकर देणारी ती व्यवस्था होती. चाळीशीत गुडघे थकलेल्या माणसाला टेबलखुर्ची तरी मिळत असे. मैदानावरच्या पराक्रमात तर आपण मागे नव्हतोच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. जपानने १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, आणि नंतर त्याचाही खेळ दीर्घकाळ मंदावला.

वाटा फुटल्या त्या १९९३ साली. जे-लीग सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी एक अट घातली: संघाचे नाव कंपनीचे नसेल, गावाचे असेल. मित्सुबिशीचा संघ उरावाचा झाला, निस्सानचा योकोहामाचा, माझदाचा हिरोशिमाचा. योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाला ही अट जाचली आणि मोठे वाक्‌युद्ध झाले. योमिउरीचा व्हर्डी कावासाकी हा संघ पहिली दोन्ही विजेतेपदे जिंकणारा. पण १९९८ साली योमिउरीने अंग काढून घेतले, संघ कावासाकी सोडून टोकियोला गेला आणि काही वर्षांतच दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२५ चा विजेता काशिमा मात्र वस्तीने अकोल्याच्या पासंगालाही न पुरणारे गाव. पोलादाच्या कारखान्याचा संघ, तोही दुसऱ्या श्रेणीतला. पंधरा हजारांचे, छप्पर असलेले क्रीडागार बांधल्याखेरीज प्रवेश नाही, असे सांगून कावाबुचींनी त्यांची बोळवण केली होती. तिथल्या प्रांतिक सरकारने ते खरोखरच बांधले! झिकोसारखा ब्राझीलचा महान खेळाडू त्या गावी येऊन राहिला. २०१९ साली संघाचे बहुतांश भाग पोलाद कंपनीकडून मर्कारी या जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारपेठेच्या कंपनीकडे गेले. मालक बदलला, नाव, मैदान आणि प्रेक्षक जेथल्या तेथे राहिले.

याहून बोधक उदाहरण कोफूचे आहे. जपानच्या डोंगराळ यामानाशी प्रांतातले हे शहर अकोल्याच्या निम्म्याहूनही कमी वस्तीचे. तेथील व्हेंटफोरे कोफू हा संघ २००० साली कर्जात बुडाला. प्रांतिक सरकार, नगरपालिका आणि स्थानिक दैनिक हे त्याचे प्रमुख भागधारक. त्यांनी संघ गुंडाळला नाही, तसा आंधळेपणाने पैसाही ओतला नाही. एका हंगामाची मुदत देऊन तीन अटी घातल्या: सामन्यागणिक सरासरी तीन हजार प्रेक्षक, पाच हजार वर्गणीदार सभासद आणि पाच कोटी येनांचे जाहिरातउत्पन्न. मग संघाची माणसे गावातल्या दुकानांच्या पायऱ्या झिजवू लागली. ज्याच्याकडे रोकड नव्हती त्याने सेवा दिली. कपडे धुणाऱ्या दुकानाने खेळाडूंचे गणवेश धुऊन जाहिरातीची जागा मिळविली. जखमी खेळाडूला उचलून नेणाऱ्या स्ट्रेचरवरसुद्धा जाहिरात लागली. संघ तगला. २०२२ साली दुसऱ्या श्रेणीत असतानाच त्याने सम्राट चषक जिंकला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एका मोठ्या धनकोऐवजी शेकडो लहान धनको जोडले गेले, आणि त्यांतला एखादा गळाल्याने इमारत कोसळण्याचे भय उरले नाही.

आता आपल्या महाराष्ट्राचा हिशेब मांडू. २००५-०६ साली राष्ट्रीय साखळी जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. पुण्याचे पुणे एफ. सी. आणि भारत एफ. सी. २०१५ च्या हंगामानंतर राष्ट्रीय साखळीतून गेले. मुंबई एफ. सी. आणि डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये मिटले. एफ. सी. पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि साखळीतली त्याची जागा हैदराबादला गेली. नऊ वर्षांत सहा संघ! यांतला एकही प्रेक्षकांनी पाठ फिरविल्यामुळे गावसभा भरवून बंद झालेला नाही. निर्णय मालकांच्या बैठकीत झाले आणि गावाला ते वर्तमानपत्रातून कळले. मुंबई सिटी उरला. २०२०-२१ मध्ये त्याने साखळी आणि चषक दोन्ही जिंकले, २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला, २०२४ मध्ये पुन्हा चषक आणला. २०१९ साली त्याचा ६५ टक्के हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने डिसेंबर २०२५ मध्ये तो सोडून दिला. यशाने मालक टिकतोच असे नाही, हे यावरून उघड व्हावे.

जपानमध्ये सर्व गोड आहे, असा याचा अर्थ नव्हे. पहिल्या उत्साहात १९९४ साली सामन्यागणिक सरासरी १९,५९८ पर्यंत चढलेली प्रेक्षकसंख्या १९९७ मध्ये १०,१३१ वर आली. १९९८ मध्ये योकोहामा फ्लूगेल्सच्या दोन पुरस्कर्त्यांपैकी साटो कोग्यो या बांधकाम कंपनीने माघार घेतली आणि तो संघ शेजारच्या मॅरिनोसमध्ये विलीन करण्यात आला. १९९९ च्या पहिल्याच दिवशी सम्राट चषक जिंकून तो संघ नाहीसा झाला. तेव्हा त्याच्या चाहत्यांनी वर्गणी जमवून योकोहामा एफ. सी. हा नवा संघ काढला. कंपन्यांचा पैसा तेथे आजही लागतोच, सार्वजनिक तिजोरीतून क्रीडागारे बांधण्यावर टीकाही होते. ती टीका रास्त आहे. जेथे पाण्याचे टँकर पुरत नाहीत तेथे छप्पराचे क्रीडागार मागण्याचा उद्योग आपण तरी करू नये.

आणि गावाचा संघ ही कल्पना परकीय समजण्याचेही कारण नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठच्या पेठ लोटते. ती ईर्ष्या कधी हातघाईवर येते आणि हंगामाला गालबोट लागते, हे खरे. परंतु मालक सोडून गेला म्हणून तालीम बंद पडली, असे तेथे होत नाही, कारण सोडून जाणारा असा मालकच नाही. तेथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतातर्फे खेळला. आमच्या वऱ्हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आलेली ही संस्था शतक ओलांडून गेली. तिला आश्रय देणारे पुष्कळ झाले, विकत घेणारा कोणी झाला नाही.

म्हणून महासंघ जो दीर्घ मुदतीचा करार करील, त्यात रकमेच्या आकड्याइतकीच आणखी काही कलमे महत्त्वाची ठरतील. क्लबाचे नाव, बोधचिन्ह आणि साखळीतली जागा यांचा हक्क त्या शहरातील नोंदणीकृत सभासद-संस्थेकडे असावा. गुंतवणूकदाराला संघ चालविण्याचा आणि नफ्याचा अधिकार असावा, हलविण्याचा वा मिटविण्याचा नसावा. खेळाडूंच्या सहा महिन्यांच्या वेतनाइतकी अनामत हंगामापूर्वीच जमा करून घ्यावी. अशा अटींनी बोलीची रक्कम उतरेल, हा आक्षेप येईल. आणि ती उतरेलही. पण अटी सैल असताना, ७ नोव्हेंबर २०२५ च्या मुदतीत, किती बोली आल्या होत्या?