‘विकत घ्या’ लिहू नका, ‘वापरायला देतो’ लिहा

आजची पोस्ट व्हिडिओ गेमवर आहे. नगरपालिका, कांदा, एसटी सोडून हा गेमवर काय लिहितोय, असं ज्यांना वाटतंय त्यांनी थोडा धीर धरावा. प्रश्न मालकीचा आहे. पैसे देऊन घेतलेली वस्तू तुमची की नाही, एवढाच.

५ जून २०२५ ला निंटेंडोचा स्विच २ बाजारात आला. त्याच दिवशी त्यावर ‘ब्रेव्हली डिफॉल्ट’ हा जुना गेम नव्यानं सजवून आला. मूळ गेम जपानमध्ये २०१२ साली आलेला, थ्रीडीएस नावाच्या हातात मावणाऱ्या यंत्रावरचा. नव्या आवृत्तीची किंमत ४० डॉलर. खोकं आहे, खोक्यावर सुंदर चित्र आहे, आत कार्ड आहे. फक्त त्या कार्डात गेम नाही.

पुन्हा वाचा. कार्डात गेम नाही. याला कंपनी ‘गेम-की कार्ड’ म्हणते. म्हणजे किल्ली. ही किल्ली यंत्रात घालायची, मग इंटरनेटवरून गेम उतरवायचा, आणि पुढं खेळताना दर वेळी किल्ली आत हवी. किल्ली दुसऱ्याला देता येते, विकताही येते, तेवढं कबूल करायला हवं. पण कुलूप कंपनीच्या सर्व्हरवर आहे. उद्या सर्व्हर बंद झाला की नव्यानं उतरवू पाहणाऱ्याच्या हातात प्लास्टिकचा तुकडा उरणार.

सर्व्हर कशाला बंद होईल, असं विचाराल. अहो, ज्या थ्रीडीएसवर हा गेम मुळात आला, त्याचं ऑनलाइन दुकान निंटेंडोनं २७ मार्च २०२३ लाच बंद केलं. आधी घेतलेलं अजून उतरवता येतं, पण नवीन काही घेता येत नाही. गंमत बघा, २०१२ चं जुनं कार्ड जुन्या यंत्रात आजही चालतं, कारण त्यात गेम आहे. नवी वस्तू जुनीपेक्षा कमी टिकाऊ आणि तिलाच नाव ‘रीमास्टर’.

आता ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम, हा धडाधड गोळ्या झाडायचा प्रकार नाही. तुम्ही एका पात्राच्या, बहुतेकदा एका टोळक्याच्या भूमिकेत असता. गावं, दुकानं, राजकारण, प्रवास, लढाया, आणि चाळीस-चाळीस तास चालणारी गोष्ट. जाडजूड कादंबरी वाचण्याच्या जवळ जाणारं काम आहे हे. ‘फायनल फँटसी ६’ घ्या. १९९४ चा गेम. चौदा पात्रं, त्यातल्या जवळपास प्रत्येकाला स्वतःचा भूतकाळ. गोष्ट अर्ध्यावर येते आणि खलनायक चक्क जिंकतो. जग मोडतं, टोळकं विखुरतं आणि उरलेला खेळ एकेक माणूस शोधून परत जोडण्याचा. नोबुओ उएमात्सू या संगीतकारानं त्यात एक अख्खा ऑपेराचा प्रवेश घातला, तोही अशा यंत्रावर ज्याला गाता येत नव्हतं. नुसत्या सुरांवर त्यानं गायिका उभी केली.

आमच्या तालुक्यात ते यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं. आमच्याकडं होती टीव्हीला जोडायची स्वस्त नक्कल आणि तिच्या कॅसेटवर मारिओ, काँट्रा. फायनल फँटसी मी पहिल्यांदा खेळलो ते २००२ मध्ये, पत्रकारितेची पदविका करताना, रूमपार्टनरच्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर, एम्युलेटर लावून. हो, चोरीचा. त्या वेळी पैसे देऊन घ्यायची सोयच आमच्यासमोर कुणी ठेवली नव्हती.

म्हणून पहिल्या सहा फायनल फँटसी ‘पिक्सेल रीमास्टर’ म्हणून एप्रिल २०२३ मध्ये स्विचवर आल्या, तेव्हा मी रीतसर पैसे मोजले. सहांच्या संचाला सुमारे ७५ डॉलर, म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाला हिशेब करूनच घ्यावं लागतं. घेतलं आणि पश्चात्ताप नाही. ऑपेरात आता खरे आवाज गातात, तेही सात भाषांत. पावलोपावली अंगावर येणाऱ्या लढाया बंद करता येतात, अनुभवाचे गुण चौपट करता येतात. रात्री साडेअकराला अंक छपाईला सोडून घरी येणाऱ्या, पंचेचाळिशीकडं झुकलेल्या माणसाला ही सोय काय आहे हे विचारू नका. विशीत जो खलनायक मला नुसता विदूषक वाटला होता, तो आता ओळखीचा वाटतो. असली माणसं मधल्या काळात बरीच कव्हर केली.

तेव्हा जुने गेम पुन्हा यायला माझा विरोध नाही. अजून यावेत. माझं भांडण आहे ते कंपन्या याला ‘वारसा जपणं’ म्हणतात त्याच्याशी. हा वारसा जपणं नाही. ही पुनर्विक्री आहे. धंदा म्हणून ठीक आहे, पण धंद्याला धंदा म्हणा.

पुरावा देतो. २०२१ मध्ये पिक्सेल रीमास्टर संगणकावर आली, तेव्हा पाचव्या आणि सहाव्या भागाची आधीची आवृत्ती स्टीमच्या दुकानातून काढून टाकली गेली. ती आवृत्ती दिसायला बरी नव्हती हे खरं. पण मधल्या काळात गेमबॉय ॲडव्हान्सच्या आवृत्तीत जे जादा भुयारी टप्पे, जादा शक्ती आल्या होत्या, त्या नव्या रीमास्टरमध्ये नाहीतच. म्हणजे नवी आवृत्ती जुनीची जागा घेते, पण जुनीतलं सगळं घेऊन येत नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती काढून दोन प्रकरणं गाळली तरी जुनी प्रत निदान वाचनालयात सापडते. इथं वाचनालयच नाही.

आणि कंपन्या स्वतः तरी जपतात का? ‘किंगडम हार्ट्स’ची नवी आवृत्ती करायला घेतली तर मूळ सामग्रीच सापडेना. दिग्दर्शक तेत्सुया नोमुरा यांनीच सांगितलंय की विकलेल्या गेममधून खणून बरंच काही नव्यानं बांधावं लागलं. ‘बाल्डर्स गेट’ हा १९९८ चा मोठा गेम, २०१२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती करताना मूळ चित्रकाम हरवलेलं निघालं. ‘आइसविंड डेल २’ची तशी आवृत्ती झालीच नाही, कारण त्याचा सोर्स कोडच मिळेना. कोट्यवधींचा धंदा करणाऱ्यांचं दप्तर आमच्या तलाठी कार्यालयापेक्षा बरं नाही.

मग जपलं कुणी? ज्यांना चोर म्हणतात त्यांनी. जपानमध्ये १९९५ साली ‘सेइकेन देन्सेत्सू ३’ नावाचा गेम आला. इंग्रजीत तो अधिकृतपणे आला २०१९ मध्ये, स्विचवर. चोवीस वर्षं! मधल्या काळात जगानं तो खेळला तो २००० साली हौशी लोकांनी फुकटात केलेल्या भाषांतरावर. ती हौस नसती तर चोवीस वर्षांनी तो गेम मागणारं गिऱ्हाईक तरी उरलं असतं का?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. तिथं २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. आपण ज्यांना ‘क्लासिक’ म्हणून परत विकत घेतो ते उरलेल्या १३ टक्क्यांतले. बाकीच्यांचं काय? ग्रंथालयांनी तिथं मागणी केली की बंद पडलेले गेम आम्ही जपतो, अभ्यासकांना लांबूनही वापरू द्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉपीराइट कार्यालयानं ती फेटाळली. कारणांत एक असं की लोक ते गेम करमणुकीसाठी वापरतील अशी भीती आहे. वा! वाचनालयातून कादंबरी नेणारा माणूस घरी जाऊन काय करतो, संशोधन?

इथं कुणीतरी म्हणणार, परदेशातलं राहू द्या. बरं, घरचं बघू. आपल्याकडं १९५४ पासून कायदा आहे. प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रंही आली. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं की एखादं पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर सार्वजनिक ग्रंथालय स्वतःसाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करू शकतं. केवढी शहाणी तरतूद आहे! बाजारानं सोडलं तर समाजानं उचलावं, हे तत्त्व आपल्या कायद्यात आधीच आहे. फक्त ते ‘पुस्तक’ या शब्दापाशी थांबतं.

सिनेमाच्या बाबतीत आपण काय केलं हेही आठवून पाहा. या देशात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून तीसेक उरलेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते १९६४ मध्ये, मूकपटांचा जमाना संपून तीस वर्षं उलटल्यावर. त्या वेळीही लोक म्हणतच असतील, करमणुकीच्या चीजा कशाला जपायच्या?

माझं स्वतःचं सांगतो. ज्या दैनिकात मी नऊ वर्षं होतो, त्यांनी वेबसाइट बदलली आणि जुन्या बातम्या नव्या साइटवर आल्याच नाहीत. पाणीटंचाईवर केलेली मालिका, बाजार समितीच्या घोटाळ्याचा पाठपुरावा, सगळं गेलं. मालकांना विचारलं तर म्हणाले, सर्व्हरचं भाडं कोण भरणार? पण छापलेले अंक जिल्हा ग्रंथालयात आहेत. पिवळे पडलेत, एका वर्षाच्या फाइलीला वाळवी लागलीय, तरी आहेत. तिथं जाऊन मी माझीच बातमी हातानं उतरवून आणली. आता मला सांगू नका की डिजिटल म्हणजे अमर.

जपानमध्ये २००० पासून राष्ट्रीय संसद ग्रंथालयात डिस्क-कॅसेटवरचे गेमही जमा होतात. पुस्तकांसारखेच. आणि या किल्लीवाल्या कार्डांबद्दल त्यांनी काय सांगितलं? कार्डात मजकूरच नाही, म्हणून ते आमच्या संग्रहात बसत नाही. ग्रंथपालाला जे एका वाक्यात कळतं ते आपल्याला चाळीस डॉलर मोजूनही कळत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. ज्या डिजिटल वस्तूवर गिऱ्हाइकाची कायम मालकी नाही, तिच्या बटणावर नुसतं ‘विकत घ्या’ लिहून चालणार नाही, हा फक्त परवाना आहे असं स्पष्ट सांगावं लागेल. युरोपात ‘द क्रू’ नावाचा गेम कंपनीनं मार्च २०२४ मध्ये बंद केला, पैसे देऊन घेतलेल्यांचाही. त्यातून मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीवर दहा लाखांवर सह्या झाल्या. लोक गेमसाठी भांडले म्हणून कुणी हसलं नाही.

आणि आपण? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ती यायलाच हवी होती, कर्जबाजारी पोरांच्या बातम्या मी स्वतः दिल्यात. पण आपल्या सगळ्या चर्चेत ‘गेम’ म्हणजे एकतर जुगार नाहीतर व्यसन. ४० तासांची गोष्ट सांगणारी कलाकृती असू शकते आणि ती पैसे देऊन घेणारा माणूस ग्राहक असतो, हे कुणाच्या भाषणात आलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत ‘डिजिटल उत्पादनं’ हे शब्द आहेत. म्हणजे दार उघडं आहे, आत कुणी शिरत नाही एवढंच.

माझ्या मागण्या फार नाहीत. परवाना विकताय तर बटणावर तसं मराठी-हिंदीत लिहा. दुकान बंद करताय तर घेतलेल्या गेमची इंटरनेटशिवाय चालणारी प्रत आधी द्या. आणि कलम ५२ मधल्या त्या ‘पुस्तका’शेजारी बाजारातून गेलेला गेम बसवा. हे अशक्य आहे असं कंपन्या सांगतील. जीओजी नावाचं दुकान वर्षानुवर्षं कुलूप नसलेले जुने गेम विकतंय, बाल्डर्स गेटसकट. फाइल तुमची, डिस्कवर टाका, कपाटात ठेवा. त्यांचा धंदा काही बुडाला नाही.

‘म्हणजे तुम्ही पायरसीचं समर्थन करता का?’ हा प्रश्न येणारच, म्हणून आत्ताच उत्तर. जो गेम आज रास्त भावात मिळतो तो विकतच घ्या, करणाऱ्यांचं पोट त्यावर आहे. जो कुणीच विकत नाही, त्याची प्रत ठेवणाऱ्याला चोर म्हणायच्या आधी मला फक्त एवढं सांगा, त्यानं नक्की कुणाचं गिऱ्हाईक पळवलं?

आमच्या खासदारांच्या कार्यालयाला या मागण्यांचं पत्र सोमवारी देतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी दुपारी चारच्या आत बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात यावं. पत्र दोन पानी आहे, वाचून मगच सही करा.